वासना, शोध आणि यथार्थ ज्ञान

शंका : प्रत्येक जीव आपल्या अनुभवाच्या, कुळाच्या व देशाचाराच्या संस्कारांतूनच वस्तू पाहतो. मग वस्तू जशी आहे तशी त्यास कळणे शक्य आहे काय?

समाधान : केशिराजबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठातील हत्तीचा दृष्टांत येथे विचारात घ्यावा. ज्या जन्मांधाच्या हाती पाय आला त्यास हत्ती खांबासारखा वाटला. ज्याच्या हाती कान आला त्यास सुपासारखा. स्पर्श कोणाचाही खोटा नव्हता. 'एवढाच हत्ती' हा निश्चय खोटा होता. शिवाय खांब आणि सूप हे नित्य परिचयाचे पदार्थ. अपरिचित वस्तू जीव परिचिताच्या मापाने मोजतो, हेच संस्काराचे कार्य होय. परंतु त्यामुळे हत्तीचा खांब होत नाही. डोळसास तो समग्र दिसतो.

समग्र ज्ञान सर्वज्ञ परमेश्वराचेच. जीव तर अविद्यायुक्त. म्हणून जीवाने शोध सोडावा काय? नाही. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर म्हाइंभटांनी लीळा केवळ स्वतःच्या स्मृतीवर रचिल्या नाहीत. ज्यांनी पाहिले, ऐकिले, त्यांना विचारून आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून त्यांनी शके १२०० च्या सुमारास (इ. स. १२७८) लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, तेव्हा शिष्यपरंपरेने स्मरणातून पाठ पुन्हा जुळविले.

स्मरणे जेथे जुळली नाहीत तेथे पोथ्यांत भिन्न कथन 'वासना' म्हणून, अनेकदा सांगणाऱ्याच्या नावासह, नोंदविलेले आढळते. दर्शनशास्त्रात वासना म्हणजे पूर्वानुभवाचा चित्तावर उरलेला ठसा. पाठभेदास हाच शब्द लाभला, हे अर्थपूर्ण आहे. साक्षीदार पुसून टाकल्याने सत्य शुद्ध होत नाही; कथन कोणाचे हे कळले तरच त्याची मर्यादा कळते. स्थळाविषयी वा शब्दाविषयी वासना भिन्न असूनही लीळेचा गाभा जुळला, तर तो गाभा कोणा एकाच्या संस्काराची निर्मिती ठरत नाही.

मात्र केवळ बहुमत हे प्रमाण नव्हे. एकाच पोथीवरून उतरलेल्या दहा प्रती म्हणजे एकच साक्ष. दहाही अंधांनी पायच चाचपला, तर दहा मतांनी खांबच सिद्ध होईल! म्हणून साक्ष स्वतंत्र हवी आणि ती भिन्न अंगाकडून यावी.

तात्पर्य, साधकाने पाठभेद दिसताच दुसऱ्यास असत्य म्हणू नये. 'सर्वच खरे' म्हणून विचारही टाकू नये. आपली वासना ओळखावी, दुसऱ्याची ऐकावी आणि शोध चालू ठेवावा. जीवास एवढे साध्य आहे, आणि एवढे त्याचे कर्तव्यही आहे.