धुराचा जमाखर्च

सुरुवातीलाच एक व्हायवाचा प्रश्न. एक लिटर डिझेलचे वजन साधारण ८३० ग्रॅम. ते पूर्ण जाळले तर कार्बन डायऑक्साइड किती निघेल? आमच्या विंगमध्ये मी हा प्रश्न दहा जणांना विचारला. आठ जणांनी ८३० ग्रॅमपेक्षा कमी आकडा सांगितला, एकाने "सिलॅबसमध्ये नाही" म्हणून हात वर केले आणि एक जण झोपला होता. खरे उत्तर आहे सुमारे २ किलो ६५० ग्रॅम. म्हणजे जाळलेल्या मालाच्या तिप्पट!

यात जादू काही नाही. डिझेलमध्ये वजनाने सुमारे ८७ टक्के कार्बन असतो, म्हणजे लिटरमागे ७२० ग्रॅम. जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू उचलतो. कार्बनचा अणुभार १२, कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४. तेव्हा ७२० ला ४४ ने गुणा, १२ ने भागा. झाले उत्तर. बाकीचे वजन हवेतून आलेले असते. अकरावीत ज्या मोल कन्सेप्टला आपण शिव्या घातल्या, तो इथे उपयोगी पडतो.

हे सांगण्याचे कारण असे, की कार्बनचे उत्सर्जन 'मोजतात' म्हटले की लोकांना वाटते चिमणीला किंवा सायलेन्सरला काहीतरी यंत्र लावत असतील. मोठ्या औष्णिक केंद्रांत चिमणीवर यंत्रे असतात, पण बहुतेक ठिकाणी कोणी वायू मोजत नाही. किती इंधन घेतले, किती वीज वापरली याची बिले काढायची आणि प्रत्येकाला त्याच्या उत्सर्जन गुणांकाने गुणायचे. डिझेल लिटरला २.६५ किलो. मेसचा एलपीजी किलोला साधारण ३ किलो, म्हणजे १९ किलोची एक कमर्शियल टाकी संपली की ५७ किलो. विजेचा गुणांक आपल्या देशात केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी जाहीर करते. तो युनिटला सुमारे ०.७ किलो धरायचा, कारण आपली बरीचशी वीज अजून कोळशावर तयार होते. महापालिका असो, सिमेंट कंपनी असो की आपले हॉस्टेल, गणित हेच.

मी शेवटच्या वर्षाला मेकॅनिकलला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका एनर्जी ऑडिटरकडे ट्रेनिंगला होतो. तिथले साहेब रोज एक वाक्य ऐकवायचे, "गुणाकार शिपाईसुद्धा करेल, तू आधी हद्द सांग." सुरुवातीला मला हे डोक्यावरून गेले. मग कळले, की या विषयात गणित सोपे आहे. सगळी गंमत आणि सगळी लबाडी हद्दीत आहे.

हद्द म्हणजे काय, तर कोणाचा धूर कोणाच्या वहीत लिहायचा. याचे जगभर चालणारे नियम अमेरिकेतल्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने आणि उद्योगांच्या एका जागतिक परिषदेने मिळून २००१ मध्ये काढले आणि २००४ मध्ये सुधारले. त्यांना जीएचजी प्रोटोकॉल म्हणतात. त्यात तीन खाती आहेत. आपण स्वतः जे जाळतो ते स्कोप १. आपण विकत घेतलेली वीज, जिचा कोळसा दुसरीकडे कुठे तरी जळतो, ते स्कोप २. आणि बाकी सगळे, म्हणजे आपण आणलेला माल, आपला कचरा, येण्याजाण्याचा प्रवास, हे स्कोप ३. मेसची शेगडी आणि जनरेटर पहिल्यात, पंखे दुसऱ्यात, दिवाळीला गावी जायची एसटी तिसऱ्यात.

आता हॉस्टेलचेच उदाहरण घेऊ. समजा २०० मुले, १०० खोल्या, वर्षाचे ३०० दिवस. (आकडे गृहीत धरलेले आहेत, का ते पुढे सांगतो.) प्रत्येकाने आंघोळीला १५ लिटर पाणी २५ अंशांनी तापवले तर लागणारी ऊर्जा ०.४३५ युनिट. दोनशे जणांची ८७ युनिट. ०.७ ने गुणले की रोजचे ६१ किलो, वर्षाला १८ टन. मेसमध्ये रोज एक कमर्शियल टाकी धरली तर वर्षाला १७ टन. खोलीत एक ७५ वॅटचा जुना पंखा दिवसाला १४ तास आणि वर्षात २४० दिवस फिरला तर शंभर पंख्यांचे साडेसतरा टन. आणि तो जनरेटर, ज्याच्या धुरावरून आणि आवाजावरून दर जीएसला आरडाओरडा होतो? महिन्याला १०० लिटर डिझेल, दहा महिने, एकूण २.६५ टन!

म्हणजे बघा. जो दिसतो, वास मारतो, झोपमोड करतो, तो हिशोबात सगळ्यात लहान निघाला. आणि डोक्यावर निमूटपणे फिरणारा पंखा मेसच्या बरोबरीला आला. मोजण्याचा खरा उपयोग हाच, राग कुठे काढायचा ते कळते. बाजारात आता ३० वॅटच्या आसपास चालणारे बीएलडीसी पंखे मिळतात. साडेसतरातले दहा टन तिथेच जातील, कोणाला एक मिनिटही कमी हवा न घेता.

एसीचा गॅस मात्र या बिलांत कुठेच दिसत नाही, आणि नवखा माणूस तो हमखास विसरतो. प्रत्येक वायूची तापवण्याची ताकद वेगळी असते, म्हणून सगळे वायू कार्बन डायऑक्साइडच्या पटीत बदलून एका खात्यात मांडतात. जुन्या एसीतला आर-२२ शंभर वर्षांच्या हिशोबाने सुमारे १८०० पट आहे. कॉम्प्युटर लॅबच्या एसीमधून एक किलो गॅस गळला, मेकॅनिकने "गॅस भरला" म्हणून पावती फाडली, की झाले १.८ टन. जनरेटरचा जवळजवळ सात महिन्यांचा धूर एका पावतीत! मेसच्या उरलेल्या अन्नाचेही तसेच. ते उघड्या ढिगाखाली हवेशिवाय कुजले की मिथेन होतो, आणि तो सुमारे २८ पट. बायोगॅसच्या टाकीत कुजवला तर तोच मिथेन शेगडीत जळतो आणि तेवढा एलपीजी वाचतो.

आता जरा नाजूक विषय. यंदा पर्यावरण दिनाला पन्नास रोपे लावायची आणि गेटवर 'कार्बन न्यूट्रल कॅम्पस' असा बोर्ड लावायचा, असा प्रस्ताव आपल्याकडे फिरतो आहे. रोपे जरूर लावावीत, सावली कोणाला नको? पण बोर्डाचे गणित करून पाहू. वाढलेले झाड वर्षाला साधारण २० किलो शोषते असा ढोबळ आकडा सर्रास वापरतात. पन्नास झाडे म्हणजे एक टन, तेही ती जगून मोठी झाल्यावर. वरच्या हिशोबात फक्त चार बाबी धरल्या तरी बेरीज ५५ टनांच्या वर जाते. तिला २,७५० हून जास्त मोठी झाडे लागतील. आपल्याकडे क्रिकेटचे ग्राउंड धरूनसुद्धा एवढी जागा नाही. तेव्हा बोर्डाला माझा विरोध आहे, रोपांना नाही.

बोर्ड न लावल्याने काय बिघडते, असे काही जण विचारतील. आणि उलट, लावल्याने तरी काय बिघडते? बिघडते ते असे, की एकदा 'शून्य' लिहिले की पंखे बदलायला पैसे कोण देणार?

हा प्रश्न कॉलेजपुरता राहिलेला नाही. ट्रेनिंगमध्ये आम्ही एमआयडीसीतल्या एका नट-बोल्टच्या कारखान्यात गेलो होतो. माल युरोपात जातो. तिकडच्या गिऱ्हाईकाने एक भलामोठा फॉर्म पाठवला होता, बोल्टच्या टनामागे उत्सर्जन किती ते भरा म्हणून. मालक वैतागले होते. "अरे, माझ्याकडे चिमणीच नाही, धूर कुठून दाखवू?" साहेब शांतपणे म्हणाले, "शेठ, धूर तुमच्या तारेत आहे."

बोल्ट ज्या तारेपासून बनतो ते पोलाद कुठे तरी भट्टीत कोळशावर झालेले असते. भारतात एक टन कच्चे पोलाद बनताना सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, जगाची सरासरी दोनच्या थोडी खाली आहे. भंगार वितळवून विजेच्या भट्टीत केलेले पोलाद त्याहून बरेच हलके. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते वगैरे मालावर अशी माहिती देणे सुरू केले आणि १ जानेवारी २०२६ पासून त्यावर पैसे मोजण्याची जबाबदारी तिकडच्या आयातदारावर आली. या यंत्रणेला सीबॅम म्हणतात. बोल्ट आणि स्क्रूही तिच्यात आहेत. खरे आकडे दिले नाहीत तर युरोप आपला ठरवलेला आकडा धरतो, आणि तो ठेवतानाच चढा ठेवलेला असतो. म्हणजे तारेच्या कारखान्याकडून एक प्रमाणपत्र मिळवता आले नाही म्हणून ऑर्डर जाऊ शकते. त्या शॉपमध्ये साठ माणसे कामाला होती. फॉर्म भरायला तिथे एकच डिप्लोमा झालेला मुलगा, तोही क्वालिटी बघून. आपल्यातले निम्मे लोक दोन वर्षांत अशाच खुर्चीत बसणार आहेत.

सरकारी पातळीवर हद्दीइतकाच महत्त्वाचा दुसरा मुद्दा आहे भागाकाराचा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१२ मध्ये 'पॅट' नावाची योजना सुरू केली. २०१२ ते १५ च्या पहिल्या फेरीत ४७८ मोठे कारखाने होते, सिमेंट, पोलाद, खत, कागद, वीजकेंद्रे वगैरे. प्रत्येकाला उत्पादनाच्या टनामागे ऊर्जा किती कमी करायची ते ठरवून दिले. जास्त वाचवणाऱ्याला प्रमाणपत्रे, कमी पडणाऱ्याने ती विकत घ्यायची. ठरले होते सुमारे ६७ लाख टन खनिज तेलाइतकी ऊर्जा वाचवायचे, वाचली ८६.७ लाख टन. योजना यशस्वीच म्हणायची. पण 'टनामागे' हा शब्द विसरू नका. टनामागे दहा टक्के वाचवणाऱ्या कारखान्याने उत्पादन दीडपट केले तर एकूण धूर वाढतोच. २०२३ मध्ये जाहीर झालेली कार्बन क्रेडिट व्यापार योजनाही अशीच टनामागच्या हिशोबावर उभी आहे. ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या उद्योगांना तिची पहिली लक्ष्ये २०२५ मध्ये मिळाली. ज्या देशाला अजून घरे, पूल, रेल्वे बांधायची आहेत त्याने भागाकार निवडला, यात मला गैर वाटत नाही. फक्त बातमीत "उत्सर्जन घटले" वाचले की खाली काय लिहिलेय ते बघावे, भागून की न भागता.

शहराचा हिशोब कसा असतो याचे जवळचे उदाहरण मुंबईचे. महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा काढला, त्यात २०१९ सालची बेरीज आहे. एकूण सुमारे २ कोटी ३४ लाख टन. मुंबई म्हटले की आपल्याला ट्रॅफिक आठवतो, पण वाहतुकीचा वाटा निघाला २० टक्के. कचऱ्याचा ८. उरलेले ७२ टक्के ऊर्जेचे, म्हणजे मुख्यतः इमारतींतली वीज आणि इंधन. पुन्हा तोच पंखा आणि तोच जनरेटर, फक्त शून्ये जास्त!

विजेच्या बाबतीत एक पळवाट सांगून ठेवतो, मुलाखतीत विचारतात. कंपनी हरित विजेची प्रमाणपत्रे विकत घेते आणि स्कोप २ शून्य दाखवते, कारखान्यातला मीटर मात्र पूर्वीइतकाच पळतो. म्हणून २०१५ पासून जीएचजी प्रोटोकॉलमध्ये अशा कंपन्यांनी दोन्ही आकडे द्यायचे असा नियम आहे: एक ग्रीडच्या सरासरीने, एक करारांप्रमाणे. कोणी एकच आकडा दाखवला तर दुसरा मागावा.

आता वर मी आकडे गृहीत का धरले ते. आपले हॉस्टेल, वर्कशॉप आणि ऑफिसची इमारत, तिन्ही एकाच मीटरवर आहेत. हॉस्टेलची वीज किती, हे आज रेक्टर सरांनाही सांगता येणार नाही. सब-मीटर बसवावा असा अर्ज आम्ही दिला आहे. इलेक्ट्रिकलच्या सरांनी लॅबमधला जुना, पण तपासून घेतलेला मीटर देण्याची तयारी दाखवली आहे. आधारवर्षही नीट निवडावे लागेल. २०२०-२१ धरले तर हॉस्टेलला कुलूप होते, मग पुढचे प्रत्येक वर्ष वाढलेलेच दिसेल.

मेसच्या काकांनी टाक्यांच्या तीन वर्षांच्या पावत्या दिल्या आहेत, एका पिशवीत, तारखा उलटसुलट. जनरेटरचे लॉगबुक वॉचमनकडे आहे आणि एसीच्या गॅसच्या पावत्या अकाउंट्समध्ये शोधायच्या आहेत. ज्यांना या कामात यायचे आहे त्यांनी शनिवारी जेवणानंतर रीडिंग रूममध्ये यावे. ब्रँचची अट नाही. कॅल्क्युलेटर आणि एक मोकळी वही आणावी.