कोर्लईच्या चर्चमध्ये पाहुणे

आगरदांड्याहून मुरूडमार्गे रेवदंड्याकडे निघालं की वाटेत कोर्लई लागते. तिथले ख्रिस्ती लोक घरात पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. १७४० साली पोर्तुगीज गेले, बोली राहिली!

गावात माउंट कार्मेल मातेचे चर्च आहे. या मातेचा सण १६ जुलैला, ऐन पावसात. कुणी बोलावले तर जरूर जा. टोपी काढा. मागच्या बाकावर बसा. लोक उठले की उठा.

पुढे लोक रांग लावतात. पाद्री प्रत्येकाला पांढरी चकती देतात. आपल्याला वाटते, प्रसादाला नाही कसे म्हणावे? पण हात पुढे करू नका. त्यांच्या श्रद्धेने ते ख्रिस्ताचे शरीर आहे. दीक्षा झालेले कॅथलिकच ते घेतात. तुम्ही बसून राहा, कुणी रागावत नाही.

मेणबत्ती मात्र खुशाल लावा.