ध्रुवीय आयनांबरातील पातळ थर

भूपृष्ठापासून सुमारे 90 ते 120 किलोमीटर उंचीवरील हवा अत्यंत विरळ असते. सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे तेथील अणुरेणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात व विद्युत्‌भारित आयन मागे उरतात. आयनांबराच्या या पट्ट्यास ‘ई-थर’ म्हणतात. याच पट्ट्यात कधीकधी अवघ्या एक-दोन किलोमीटर जाडीचा, परंतु सभोवतालापेक्षा पुष्कळच दाट असा थर प्रकट होतो. त्याच्या येण्याचा नेम नसल्यामुळे त्यास ‘अनियमित ई-थर’ म्हणता येईल.

या थरात मुख्यत्वे लोह व मॅग्नेशियम या धातूंचे आयन असतात. वातावरणात जळून जाणाऱ्या उल्का हे धातू मागे ठेवतात. हवेतील रेणूंचे आयन इलेक्ट्रॉनशी गाठ पडताच अल्पावधीत नष्ट होतात. धातूंचे आयन मात्र तासन्‌तास टिकतात. म्हणूनच सूर्य महिनोन्‌महिने न उगवणाऱ्या ध्रुवीय रात्रीतही असे थर आढळतात.

परंतु हे विखुरलेले आयन एका पातळ थरात गोळा कसे होतात? मध्यम अक्षांशांवर हे कार्य वारा करतो. वर पश्चिमेकडे व खाली पूर्वेकडे वाहणारे वारे असले, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे वरचे आयन खाली व खालचे आयन वर ढकलले जातात आणि मध्ये थर साचतो. यासाठी चुंबकीय क्षेत्र पुरेसे आडवे असावे लागते. मधोमध तोललेली चुंबकसूची आपल्याकडे थोडीच कलते. चुंबकीय ध्रुवाजवळ ती जवळजवळ उभी राहते. तेथे वाऱ्याची ही युक्ती निष्प्रभ ठरते.

ध्रुवीय प्रदेशात हे काम प्रामुख्याने विद्युत्‌क्षेत्र करते. खालच्या दाट हवेत वारंवार टकरा होत असल्याने आयन विद्युत्‌क्षेत्राच्या दिशेने सरकतात. वरच्या विरळ हवेत ते त्या दिशेशी काटकोन करून वाहतात. चुंबकीय क्षेत्र किंचित कललेले असल्याने या गतीला थोडी चढ-उतारही लाभते. विद्युत्‌क्षेत्राची दिशा अनुकूल असेल, तर वरून उतरणारे व खालून चढणारे आयन एका उंचीवर भेटतात.

1932-33 च्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षात एडवर्ड ॲपलटन यांच्या ब्रिटिश पथकाने नॉर्वेतील ट्रोम्सो येथून रेडिओलहरी वर सोडून त्यांचे प्रतिध्वनी नोंदविले. अशा नोंदींतून थराची उंची कळते, त्याची घडण कळत नाही. पुढे अग्निबाणांतून पाठविलेल्या उपकरणांनी थरातील धातू ओळखले. ट्रोम्सोजवळ 1981 मध्ये सुरू झालेल्या ‘आयस्कॅट’ रडारमुळे इलेक्ट्रॉनांची घनता व विद्युत्‌क्षेत्र या दोहोंचे मापन शक्य झाले आणि वरील उपपत्ती प्रत्यक्ष निरीक्षणांशी ताडून पाहता आली.

या अभ्यासाचे व्यावहारिक महत्त्वही मोठे आहे. विषुववृत्तावरील भूस्थिर उपग्रह ध्रुवाजवळून क्षितिजाखाली जातात. त्यामुळे ध्रुवावरून जाणाऱ्या विमानांना आयनांबरातून परतणाऱ्या लघुलहरींचा आधार घ्यावा लागतो. असा थर अकस्मात आडवा आला, तर उंचावरील थराकडे निघालेली लहर खालूनच परतते व संदेश नियोजित स्थळी न पोहोचता भलतीकडे जातो. उल्केच्या धुळीतून बनलेल्या या थराची पूर्वसूचना मिळू लागेल, तेव्हा त्या मार्गांवरील संदेशवहन अधिक भरवशाचे होईल.