वंशावळ आणि वारसा : बेने इस्राएलांच्या निमित्ताने

वंश आणि वारसा हे शब्द आपण जोडीने उच्चारतो. परंतु त्यांचा अर्थ एक नव्हे. वंश जन्माने मिळतो, वारसा मात्र घ्यावा लागतो. हिब्रू धर्मग्रंथ वाचताना हा भेद वारंवार जाणवतो, आणि त्याचे जिवंत उदाहरण आपल्याच कोकणात सापडते. प्रस्तुत लेखात या दोहोंचा एकत्र विचार करावयाचा आहे.

‘उत्पत्ती’ हे पहिले पुस्तक वंशावळींनी भरलेले आहे. अब्राहामाचा पुत्र इसहाक, इसहाकाचा याकोब. याकोबाचेच दुसरे नाव इस्राएल. त्याच्या पुत्रांपासून बारा कुळे झाली. परंतु या यादीत थोरल्यालाच सर्व काही मिळते असे नाही. थोरला एसाव भुकेच्या भरात मसुरीच्या वरणासाठी आपला ज्येष्ठत्वाचा हक्क धाकट्या याकोबाला विकतो. पुढे हाच याकोब म्हातारपणी नातवांना आशीर्वाद देताना हातांची अढी घालतो आणि उजवा हात धाकट्या एफ्राइमाच्या डोक्यावर ठेवतो. जन्माचा क्रम आणि वारशाचा क्रम निराळे असू शकतात, हे ग्रंथकार आरंभीच सुचवितो.

रूथची कथा त्याही पुढे जाते. मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत घेऊ नये, असे ‘अनुवाद’ या पुस्तकात सांगितले आहे. रूथ मवाबीच होती. पतिनिधनानंतर ती सासूची पाठ सोडीत नाही. तिचे लोक व तिचा देव आपले मानते. या परक्या सुनेचा पणतू म्हणजे दावीद राजा!

याच्या नेमकी उलट बाजू ‘एज्रा’च्या पुस्तकात दिसते. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या काही याजक घराण्यांना आपल्या वंशावळीची नोंद सापडली नाही. म्हणून त्यांना याजकपदापासून दूर ठेवण्यात आले. दस्तऐवज नाही, तर हक्क नाही! वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा न्याय ओळखीचा वाटेल. तथापि, अध्यात्माच्या व्यवहारात तो पुरेसा आहे काय?

हा प्रश्न विसाव्या शतकात बेने इस्राएलांपुढे उभा राहिला. ‘बेने इस्राएल’ म्हणजे इस्राएलाची मुले. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ग्रंथ मात्र समुद्रात गेले, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. ते तेल गाळू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. हिब्रू भाषा विस्मृतीत गेली. उरले ते शब्बाथ, मुलाची सुंता, खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि ‘शमा’ ही एकेश्वराची प्रार्थना. आडनावेही गावांवरून पडली : नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८८० च्या सुमारास तर अब्राहाम-योसेफांची आख्याने मराठी कीर्तनांतून रंगू लागली.

स्वतंत्र भारतातून यांपैकी पुष्कळजण इस्राएलला गेले. तेथे १९६२ साली प्रमुख धर्मपीठाने विवाहेच्छू बेने इस्राएलांच्या आई-आजीपासून मागच्या पिढ्यांची चौकशी करण्याची सूचना काढली. शतकानुशतके वेगळ्या राहिलेल्या या समाजात विवाह-घटस्फोटाचे नियम यथाशास्त्र पाळले गेले असतील काय, ही शंका त्यामागे होती. पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ पाळणाऱ्यांकडे आता कागद मागितला जात होता. त्यांनी जेरुसलेममध्ये निदर्शने केली. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले, आणि धर्मपीठाने त्या सूचनेतील त्यांचा खास उल्लेख काढून टाकला.

माझ्या मते यात न्यायाची बाजू ग्रंथातच होती. ज्या ‘अनुवाद’ पुस्तकात शमा आहे, तेथेच लगोलग आज्ञा आहे की, ही वचने मुलांना शिकवावीत, घरी बसता व वाटेने चालता त्यांविषयी बोलावे. वंशावळ जपून ठेवा, असे तेथे म्हटलेले नाही. कोकणातील आयांनी व आजोबांनी नेमके हे शिकविण्याचे काम केले. त्यांची वंशावळ हरवली असेल. वारसा हरवला नाही.

हैदराबादेतील आम्हा मराठी-कन्नड विद्यार्थ्यांनाही हे लागू पडते. १९५६ साली भाषावार राज्यरचना झाली. मराठवाडा एकीकडे गेला, बीदर-गुलबर्गा-रायचूर दुसरीकडे. अनेक कुटुंबे येथेच राहिली. आडनावातील ‘कर’ आपले मूळ गाव सांगतो खरा. परंतु आजोबांची पत्रे नातवाला वाचता येत नसतील, तर त्या ‘कर’ला वंशावळीतील नोंदीपलीकडे काय अर्थ उरतो? नाव आपोआप पुढच्या पिढीकडे जाते. भाषा, प्रार्थना आणि रीत मात्र कोणीतरी शिकवावी लागते, आणि कोणीतरी शिकावी लागते.