परगावाहून आलेला हिवताप : उपचार रुग्णालयात की घरी?

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागा, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती आणि मुंबई-आग्रा महामार्ग यांमुळे नाशिक जिल्ह्यात बाहेरून येणाऱ्यांची वर्दळ अखंड असते. ओडिशा, झारखंड, छत्तीसगड किंवा आपल्याच राज्यातील गडचिरोली येथून आलेल्या एखाद्या माणसाच्या रक्तात हिवतापाचे परजीवी असू शकतात. डास चावल्यानंतर साधारणतः एक ते दोन आठवड्यांनी, क्वचित त्याहून पुष्कळ उशिरा, ताप येतो. तोपर्यंत तो नव्या मुक्कामी पोहोचलेला असतो. असा रुग्ण 'आयात रुग्ण' समजला जातो.

आकड्यांचा चकवा

रुग्णालयात दाखल झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आणि बाह्यरुग्ण विभागातून औषध नेणाऱ्यांत ते नगण्य, असे सामान्यतः आढळते. यावरून 'दाखल झाले की माणूस दगावतो' असा समज खेड्यापाड्यांत पसरतो. तो चुकीचा आहे. समजा, शंभर सौम्य रुग्ण घरी औषध घेऊन बरे झाले आणि वीस अत्यवस्थ रुग्णांपैकी दोन रुग्णालयात दगावले. येथे दोष रुग्णालयाचा नसून, तेथे मुळातच गंभीर रुग्ण येतात, हे त्याचे कारण आहे. म्हणून तुलना करताना आजाराची तीव्रता आणि उपचारास झालेला विलंब आधी पाहिला पाहिजे.

ब्रिटनचा अनुभव

ब्रिटनमध्ये 1987 ते 2006 या वीस वर्षांत फॅल्सिपेरम हिवतापाचे 25,054 आयात रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी 184 दगावले, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी. मात्र पासष्ट वर्षांवरील रुग्णांत हे प्रमाण शेकडा 4.6 होते. ज्या भागांत हिवताप क्वचितच दिसतो, तेथे मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. रोग अपरिचित असला की त्याची शंका उशिरा येते, हा त्यातील बोध होय.

कोणास दाखल करावे?

व्हायवॅक्स किंवा गुंतागुंत नसलेला फॅल्सिपेरम हिवताप असलेला, शुद्धीवर असून तोंडाने औषध घेऊ शकणारा रुग्ण देखरेखीखाली घरी बरा होऊ शकतो. परंतु ग्लानी, झटके, सतत उलट्या, कावीळ, धाप, लघवी कमी किंवा काळपट होणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास त्यास तत्काळ रुग्णालयात हलवावे. गरोदर स्त्रिया, अर्भके व वृद्ध यांच्याबाबत विशेष दक्षता हवी. गंभीर हिवतापावर आर्टेसुनेटचे इंजेक्शन देतात. भारतासह आशियातील चार देशांत झालेल्या आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्विनीन घेणाऱ्यांपैकी शेकडा 22, तर आर्टेसुनेट घेणाऱ्यांपैकी शेकडा 15 रुग्ण दगावले. हा लाभ रुग्ण वेळेवर पोहोचला तरच मिळतो.

गावाचे कर्तव्य

बाहेरगावाहून आलेल्या मजुरास ताप आल्यास ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांनी आशा कार्यकर्ती किंवा आरोग्य सेवकास त्याच दिवशी कळवावे व रक्ततपासणी करून घ्यावी. 'गेल्या काही महिन्यांत कोठे राहून आलात?' हा प्रश्न प्रत्येक तापाच्या रुग्णास विचारला जावा. ताप उतरला तरी औषधाचा क्रम पूर्ण करावा. व्हायवॅक्स हिवतापात प्रायमाक्वीन डॉक्टरांच्या सल्ल्याने सामान्यतः चौदा दिवस घ्यावे लागते. रुग्ण घरी राहो वा रुग्णालयात, त्याचे प्राण वाचतात ते वेळीच झालेल्या निदानाने.