घरसफाईचा व्यवसाय : आरंभीची पावले

किराणा, कापड, भांडी, सराफी या आपल्या परंपरागत धंद्यांत व्यापाऱ्याची नजर मालावर तयार होते. घरसफाईच्या व्यवसायात माल नाही. तेथे विकावयाचे ते माणसाचे श्रम आणि त्या माणसावरचा विश्वास. दुकानात एक दिवस गिऱ्हाईक फिरकले नाही, तरी कपाटातला तागा कपाटातच राहतो व उद्या विकता येतो. कामगाराचा रिकामा गेलेला दिवस मात्र उद्या विकता येत नाही. या व्यवसायातील नफा-तोट्याचे मूळ या एका भेदात आहे. भांडवल थोडे लागते, म्हणून धंदा सोपा, अशा समजुतीने जे तरुण यात उतरतात ते बहुधा येथेच फसतात.

उदाहरणादाखल बेळगाव शहर घेऊ. टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर, सदाशिवनगर या भागांत पतिपत्नी दोघेही नोकरी करणारी कुटुंबे पुष्कळ. मुले पुण्याला वा बंगळूरला गेल्यामुळे मोठ्या घरात वृद्ध आईवडीलच उरले आहेत, अशी घरेही थोडी नाहीत. रोजचा केरवारा व धुणीभांडी मोलकरीण करते. तिच्या कामात शिरू नये; तिचे पोट त्यावर आहे आणि त्या दराशी आपल्याला स्पर्धाही करता येणार नाही. आपले काम त्यापलीकडचे : पंखे व माळे, स्वयंपाकघरातील तेलकट चिकटा, न्हाणीघरातील क्षारांचे पांढरे थर, खिडक्यांच्या खाचांतील धूळ आणि पावसाळ्यानंतर भिंतीवर चढलेली बुरशी. मैल्याच्या टाकीत वा गटारात माणूस उतरवून सफाई करण्याचे काम कोणी कितीही पैसे देऊ केले तरी घेऊ नये. २०१३ च्या कायद्याने त्यास बंदी आहे, आणि त्या विषारी वायूत माणसे मरतात.

पहिले गिऱ्हाईक घेण्यापूर्वी स्वतःच्या व दोनचार आप्तांच्या घरी घड्याळ लावून काम करून पाहावे. एका स्वयंपाकघरास किती तास, एका न्हाणीघरास किती, हे वहीत मांडावे. मालकाने स्वतः हातात ब्रश घ्यावा. व्यापारी घरातील मुलाने झाडू धरावा काय, असा प्रश्न अजूनही काही ठिकाणी कुजबुजला जातो. ज्याला तो प्रश्न पडतो त्याने दुसरा धंदा पाहावा. कामाची लाज वाटणारा मालक कामगाराला मान देऊ शकत नाही.

आता दराचा हिशेब. आकडे केवळ नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे घालावेत, आणि मजुरी राज्य सरकारने ठरविलेल्या किमान वेतनाहून कमी धरू नये. समजा, दोन खोल्या, दिवाणखाना व स्वयंपाकघर असलेल्या घरास दोन कामगारांचा एक दिवस लागतो. मजुरी प्रत्येकी ६०० प्रमाणे १२०० रुपये, साबण-फडकी-द्रावणे १५०, रिक्षाभाडे १५०. धूळ ओढणारे यंत्र १८,००० रुपयांना घेतले व ते ३०० दिवस चालेल असे धरले, तर दिवसाची झीज ६०. एकूण १५६० रुपये. नवखा माणूस यावरून २००० रुपये दर सांगतो आणि ४४० सुटले असे मानतो.

परंतु चांगले कामगार टिकवावयाचे तर त्यांना महिन्याचे २६ दिवस पगार द्यावा लागतो. काम असेल त्याच दिवशी बोलावू म्हटले तर ते दुसरीकडे जातात. म्हणजे मजुरीचा महिन्याचा बोजा ३१,२०० रुपये. आरंभीच्या महिन्यांत काम १६ दिवसच मिळाले, तर प्रत्येक कामावर मजुरी १२०० नव्हे, १९५० पडली. त्यात उरलेले ३६० मिळविले की खरा खर्च २३१०. दोन हजारांत काम घेणारा प्रत्येक घरामागे ३१० रुपये गमावतो, आणि हातात रोकड खेळत असल्याने त्याला ते कळतही नाही.

तोच दर २८०० ठेवला तर १६ कामांत महिन्याला ७,८४० रुपये उरतात. कामे २२ झाली तर २२,४८०. सहा कामांच्या वाढीने शिल्लक जवळजवळ तिप्पट होते! म्हणून दर पाडून नवे गिऱ्हाईक ओढण्यापेक्षा जुने गिऱ्हाईक दर तीन महिन्यांनी पुन्हा कसे येईल, हे पाहावे. कामाचा परिसरही लहान ठेवावा; एका पेठेतील चार घरे गावभर पसरलेल्या सहा घरांपेक्षा अधिक देतात.

साहित्याविषयी एकच गोष्ट विस्ताराने सांगणे भाग आहे. बाजारात सुटे मिळणारे ॲसिड डाग चटकन काढते, म्हणून कामगार ते हौसेने वापरतात. शहाबादी, कोटा व संगमरवर हे तिन्ही दगड चुन्याच्या जातीचे. ॲसिड त्यांचा पृष्ठभागच खाते व गेलेली चकाकी पुन्हा घासून पॉलिश केल्यावाचून येत नाही. अशा फरशीस सौम्य साबणाचे पाणी पुरे. त्याहून गंभीर गोष्ट ही की, शौचालय धुण्याच्या बहुतेक द्रावणांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. ते ब्लीचिंगच्या द्रावणात मिसळले की क्लोरिन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. दोन्ही बाटल्या एका पिशवीत देऊच नयेत.

यानंतर विश्वासाचा प्रश्न. घरातील एखादी वस्तू सापडेनाशी झाली की पहिला संशय बाहेरच्या माणसावर जातो, आणि पुष्कळदा ती वस्तू चार दिवसांनी उशीखाली मिळते. तोवर गरीब माणसाची अब्रू गेलेली असते. यासाठी कामगाराची पोलीस पडताळणी आधीच करून घ्यावी, नेहमी दोघांना मिळून पाठवावे, दागिने व रोकड कुलपात ठेवण्याची विनंती यजमानांना आदल्या दिवशीच करावी. आधीपासून फुटलेल्या फरशा व तडे यांची नोंद काम सुरू करण्यापूर्वी कागदावर करून सही घ्यावी. तक्रार आली तर मालकाने स्वतः जावे, दोन्ही बाजू ऐकाव्यात आणि पुराव्यावाचून कामगाराचा पगार कापू नये.

कायद्याचे सोपस्कार थोडे आहेत. उद्यम नोंदणी विनाशुल्क होते. दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंद आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे करावी. सेवाव्यवसायास वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेल्यावर वस्तू व सेवा कराची नोंदणी लागते व या कामावर १८ टक्के कर आहे; तेव्हा मोठ्या संस्थेचे काम घेताना दरात कर धरला आहे की नाही, हे लेखी ठरवावे. कर्नाटकात २०२४ च्या सुधारित कायद्याप्रमाणे फलकावर साठ टक्के कन्नड हवे. हस्तपत्रके मात्र मराठी व कन्नड दोन्ही भाषांत काढावीत.

दसरा-दिवाळीच्या सुमारास मागणी इतकी वाढते की नवे कामगार आयत्या वेळी घेण्याचा मोह होतो. त्या दिवसांत जुन्या गिऱ्हाइकांच्या तारखा गणेशोत्सवापूर्वीच लिहून घ्याव्यात, आणि उरलेल्या जागांपुरतीच नवी कामे स्वीकारावीत.