जुनी मर्सिडीज: बिघाड कोणता, बिल किती?

दहा-बारा वर्षांपूर्वी चाळीस लाखांच्या पुढे गेलेली मर्सिडीज ई-क्लास आज नव्या हॅचबॅकच्या भावात मिळते. घेणाऱ्याच्या मात्र एक गोष्ट उशिरा ध्यानात येते. भाव गाडीचा उतरला आहे, तिच्या पार्टचा नाही. इंजेक्टर, लोअर आर्म, एसीचा कॉम्प्रेसर यांच्या किमती आजही चाळीस लाखांच्या गाडीला शोभतील अशाच आहेत. तरीही या गाड्यांवर पैसे बुडतात ते महाग पार्टमुळे कमी आणि चुकीच्या निदानामुळे जास्त. बिघाड एकीकडे आणि पार्ट बदलला दुसरीकडे, असे दोनदा झाले की गाडीच्या किमतीचा चौथा हिस्सा गेलाच म्हणून समजा.

इथे मुख्यतः ई-क्लासच्या दोन पिढ्यांचा विचार केला आहे: डब्ल्यू२११ (२००२ ते २००९) आणि डब्ल्यू२१२ (२००९ ते २०१६). कंपनीची भारतातली जुळणी १९९५ मध्ये पिंपरीत सुरू झाली आणि २००९ पासून चाकणला गेली. त्यामुळे पुणे-मुंबई पट्ट्यात या गाड्या भरपूर आहेत आणि त्या जाणणारे फिटरही आहेत. खालचे आकडे शोरूमबाहेरच्या चांगल्या गॅरेजचे, मजुरीसह आणि अंदाजाचे आहेत. शोरूममध्ये हेच बिल दीडपट ते दुप्पट धरा.

आधी स्कॅन, मग स्पॅनर

या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, एसी, दरवाजे, सगळ्यांचे वेगवेगळे कंट्रोल युनिट असते. हजार-दीड हजाराचा साधा ओबीडी रीडर इंजिनचे कोड वाचतो, बाकीच्यांशी त्याची भाषा जुळत नाही. म्हणून गॅरेजमध्ये पाऊल टाकताच एकच प्रश्न विचारा: तुमच्याकडे कंपनीचे झेंट्री किंवा स्टार डायग्नोसिस आहे का? नसेल तर निदान मर्सिडीजचे सगळे युनिट वाचणारा स्कॅनर तरी आहे का? पूर्ण स्कॅनला १,००० ते ३,००० रुपये पडतात. रिपोर्टची प्रत मागून घ्या. कोड म्हणजे पार्टचे नाव नव्हे. ‘सेन्सरचा सिग्नल येत नाही’ असा कोड आला तर सेन्सर गेलेला असेल, वायर तुटलेली असेल किंवा प्लगमध्ये तेल उतरलेले असेल. तपासणीची मजुरी वेगळी द्यायला कुरकुर करू नका. ‘स्कॅन फुकट, पार्ट आमच्याकडून’ म्हणणाऱ्याचा नफा पार्ट बदलण्यातच असतो.

एकाच वेळी पाच दिवे लागले? बॅटरी बघा

डॅशबोर्डवर एबीएस, ईएसपी, एअरबॅग सगळे एकदम पेटले की मालकाच्या पोटात गोळा येतो. पाच युनिट एका दिवशी मरत नाहीत. बहुतेक वेळा व्होल्टेज पडलेले असते. पाच-सातशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.५ ते १२.७ व्होल्ट दिसायला हवेत. १२.२ च्या खाली असेल तर बॅटरी थकली आहे किंवा रात्री कोणीतरी करंट खात आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. कमी दिसले तर अल्टरनेटरकडे बघा.

नवी एजीएम बॅटरी १८,००० ते ३०,००० रुपयांना पडते. साधी बॅटरी निम्म्यात बसवून देणारे भेटतील, पण इतक्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गाडीत ती फार दिवस तग धरत नाही. नवी बॅटरी दोन-तीन दिवसांत उतरत असेल तर दुसरी घेऊ नका. गाडी लॉक करून सगळे युनिट झोपू द्या, मग करंट मोजायला सांगा. तो ५० मिलिअँपिअरच्या आसपास किंवा कमी असावा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढून चोर सापडतो. हे तासाभराचे काम आहे आणि त्याचे हजार-दीड हजार योग्यच आहेत.

सनरूफ आणि पावसाळा

सनरूफच्या चारही कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या नळ्या असतात. धूळ आणि झाडाचा कचरा बसून त्या तुंबल्या की पाणी गालिच्याखाली आणि डिकीत शिरते. डब्ल्यू२११ ची मुख्य बॅटरी आणि मागचे फ्यूज-युनिट डिकीतच आहे. पावसाळ्यापूर्वी नळ्या साफ करून घेण्याचे ५०० ते १,५०० रुपये. भिजून गेलेले युनिट बदलून कोडिंग करायचे तर तीस हजारांपुढची तयारी ठेवा. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा डिकीतला गालिचा उचला आणि स्टेपनीच्या खळग्यात हात फिरवा. ओल, गंज किंवा कुबट वास असेल तर भाव पाडा नाहीतर सरळ परत फिरा.

गिअर अडकला: दीड हजार की लाख?

डब्ल्यू२११ ई २२० सीडीआयमध्ये पाच गिअरचा ७२२.६ हा गिअरबॉक्स आहे. काहीतरी बिनसले की तो ‘लिंप मोड’मध्ये जातो आणि दुसऱ्या गिअरलाच धरून बसतो. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की काही वेळ बरी चालते. इथे ‘गिअरबॉक्स गेला, ओव्हरहॉल करावा लागेल’ हे वाक्य फार लवकर ऐकू येते आणि एस्टिमेट लाख-दीड लाखाचे हाती पडते.

आधी गाडी लिफ्टवर घेऊन गिअरबॉक्सच्या बाजूचा गोल प्लग उघडायला सांगा. त्याला तेरा पिनांचा प्लग म्हणतात. त्याच्या रबरी रिंग कडक झाल्या की तेल पाझरते आणि वायरिंगमधून चढत चढत पार कंट्रोल युनिटपर्यंत जाते. प्लगच्या आत लालसर तेल दिसले तर निम्मे निदान झाले. प्लगची किंमत हजार-दोन हजारांत आहे. आतली कंडक्टर प्लेट, म्हणजे स्पीड सेन्सर असलेली पट्टी, गेली असेल तर तेल-फिल्टरसह २५,००० ते ४५,००० रुपये. ओव्हरहॉलचा विचार यानंतर.

गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभर चालते, ही समजूत सोडून द्या. दर ६०,००० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदला. त्याचे २०,००० ते ३५,००० रुपये होतात. गाडीच्या जुन्या बिलांत हे काम एकदाही दिसले नाही, तर घेताना ही रक्कम किमतीतून वजा करा.

तेलाची गळती: ई २८० आणि ई ३५० सीडीआय

तीन लिटरच्या व्ही६ डिझेल इंजिनात, म्हणजे ओएम६४२ मध्ये, ऑइल कूलर दोन्ही सिलिंडर-रांगांच्या मधल्या खोबणीत, टर्बोच्या खाली बसवला आहे. उष्णतेने त्याची सील कडक होतात, तेल मागे वाहते आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यावरून थेंब थेंब पडते. खालून पाहणारा फिटर क्रँकचे मागचे सील गेले म्हणतो आणि गिअरबॉक्स उतरवायला घेतो. सगळे करूनही गळती तशीच.

टॉर्च घेऊन वरून मधली खोबण पाहिली तर खरे कळते. तिथे तेलाचे तळे असेल तर दोष कूलरच्या सीलचा. सील दोन-तीन हजारांची, पण तिथवर पोचायला टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्ड उतरवावे लागतात. एकूण बिल ४०,००० ते ८०,०००. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला तो हाच. जुनी सील नारिंगी रंगाची असत, सुधारित सील जांभळी आहेत. तीच टाकली ना, ते पाहा. आणि एवढे उघडलेच आहे तर टर्बोच्या तोंडाचे सील आणि इनटेकचे फ्लॅप हलवणारी मोटर त्याच वेळी तपासा. वरून पाझरणारे तेल याच मोटरवर पडून ती निकामी होते. तीच मजुरी पुन्हा भरण्यात अर्थ नाही.

डब्ल्यू२१२ ई २५० सीडीआय घेत असाल तर इंजेक्टरचा इतिहास विचारा. सुरुवातीच्या ओएम६५१ इंजिनांतल्या पिएझो इंजेक्टरनी जगभर त्रास दिला आणि कंपनी पुढे सोलेनॉइड इंजेक्टरकडे वळली.

ब्रेक: २००६ पूर्वीच्या गाडीत सावध

फेसलिफ्टपूर्वीच्या डब्ल्यू२११ मध्ये एसबीसी नावाचे इलेक्ट्रॉनिक ब्रेक आहेत. पेडल दाबल्याचा संदेश संगणकाला जातो आणि पंप दाब देतो. मे २००४ मध्ये कंपनीने यासाठी जगभरातल्या ६,८०,००० गाड्या तपासणीला परत बोलावल्या होत्या. पंपाची कामे मोजली जातात, ठरावीक आकडा गाठला की लाल इशारा येतो. बदलायचा तर खर्च लाखाच्या घरात जातो. साधे पॅड बदलतानाही ही यंत्रणा आधी स्कॅनरने निष्क्रिय करावी लागते. नाहीतर दार उघडताच पंप जागा होऊन दाब देतो आणि कॅलिपरमध्ये असलेली बोटे चिरडू शकतात. ज्या गॅरेजला हे सांगावे लागते तिथे ब्रेकचे काम देऊ नका. २००६ नंतरच्या गाड्यांत नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेक परत आले. शक्यतो त्याच घ्या. पुढचे डिस्क आणि पॅड बदलायला २५,००० ते ५०,००० रुपये.

खालचा खडखडाट आणि बसलेली गाडी

खड्ड्यांतून ‘टकटक’ आली की बहुधा लोअर आर्मचे बुश किंवा बॉल जॉइंट. पुढचा संच ३०,००० ते ६०,०००. त्यानंतर अलाइनमेंट न विसरता, नाहीतर टायर एका बाजूने झिजतील.

एस-क्लास किंवा जीएलमध्ये स्प्रिंगऐवजी हवेचे स्ट्रट असतात. रात्री मडगार्ड आणि टायरच्या मधली फट बोटांनी मोजून ठेवा, सकाळी पुन्हा मोजा. एकच कोपरा खाली आला असेल तर त्या स्ट्रटला साबणाचे पाणी लावून बुडबुडे बघा. गळक्या स्ट्रटमुळे कॉम्प्रेसर सतत चालून जळतो. नुसता कॉम्प्रेसर (२५,००० ते ४५,०००) बदलला तर नवाही तसाच जळेल. बाहेरच्या कंपनीचा स्ट्रट एका कोपऱ्याला ३५,००० ते ६०,०००, कंपनीचा लाखाच्या आसपास.

पार्ट कुठून घ्यावा

मर्सिडीज आपले बरेच पार्ट स्वतः बनवत नाही. लेमफोर्डर, साक्स, बॉश, माले, मान अशा कंपन्या ते पुरवतात आणि स्वतःच्या खोक्यातही विकतात. काही आर्मवर तर जिथे तारा असायचा तिथे तो घासून काढल्याची खूण दिसते. पार्ट तोच, भाव बराच कमी. सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या वाहन-पार्टवर १८ टक्के जीएसटी आहे, पूर्वी बहुतेकांवर २८ होता. जुने एस्टिमेट दाखवत असतील तर ते नव्याने मागा. पुण्याच्या नाना पेठेत भाव काढा. आरसे, दिवे, दाराचे पॅनल कुर्ल्याच्या जुन्या बाजारात मिळतात, पण ब्रेक, स्टिअरिंग आणि एअरबॅगचा कोणताही भाग सेकंडहँड घेऊ नका.

आरटीओचा खर्च

डब्ल्यू२११ पंधरा वर्षांपलीकडे गेली आहे. नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये, वीस वर्षांपुढे १०,०००. पूर्ण आयात केलेल्या गाडीला हेच ४०,००० आणि ८०,००० होते. पर्यावरण कर वेगळा. दिल्लीच्या निर्बंधांमुळे तिकडच्या डिझेल गाड्या इकडे स्वस्तात येतात. एनओसी आणि महाराष्ट्रातला रस्ता कर धरून हिशेब केला तर ती स्वस्ताई बरीच विरते.

कधी थांबायचे

घेतानाच गाडीच्या किमतीच्या २० ते २५ टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा, पुढे दरवर्षी लाख-सव्वा लाख. एकाच कामाचे एस्टिमेट गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेले तर दुरुस्तीआधी विक्रीचा भाव काढा. आणि प्रत्येक कामापूर्वी जॉब कार्डवर चार गोष्टी लिहून घ्या: तक्रार, स्कॅनचे कोड, बदलायच्या पार्टचा नंबर, आणि जुना पार्ट परत मिळेल ही नोंद. यातल्या एकाही गोष्टीला गॅरेज नाही म्हणत असेल तर किल्ली परत घ्या.